सातबाऱ्यावरचा रेस ट्रॅक

पूर्वी चार मित्र एकत्र आले की मंडळ काढायचे आणि पहिल्याच बैठकीत पावतीपुस्तक छापायला टाकायचे. हल्ली चार मित्र कंपनी काढतात आणि पहिल्या बैठकीत पदं वाटून घेतात. माझ्या भाच्याच्या कंपनीत चौघं होते आणि चौघांनाही पदं होती. भाचा सीईओ, त्याचा कॉमर्सवाला मित्र सीएफओ, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेला जुन्नरकडचा मुलगा सीटीओ, आणि जिला इन्स्टाग्रामवर बरेच लोक फॉलो करतात ती मुलगी सीएमओ. शिपायाच्या जागेसाठी एकही अर्ज आला नव्हता, त्यामुळे चहा आमची ही करायची आणि कपबश्या मी विसळायचो. बँकेच्या कर्जखात्यात उभी हयात घालवून मी निवृत्त झालेलो, म्हणून मला मेंटॉर नेमण्यात आलं. या पदाला पगार नव्हता, शेअर नव्हते. स्वतःची चारचाकी असणं एवढीच पात्रता होती, हे मला पुढे कळलं.

धंदा होता खासगी मोटरस्पोर्ट्स क्लबचा. कॉलेजच्या ई-सेलने बिझनेस प्लॅनची स्पर्धा ठेवली होती. बाकीचे गट ॲप काढत होते. एकाचं ॲप पाणी प्यायची आठवण करणार होतं, दुसऱ्याचं वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाला विकणार होतं. त्या मानाने आमच्या पोरांची झेप मोठी. पुण्यापासून दीड तासाच्या अंतरावर स्वतःचा रेस ट्रॅक, शेजारी क्लबहाउस, सभासदांच्या गाड्या ठेवायला वातानुकूलित गॅरेज आणि वर रेस्टॉरंट. सभासदाने शनिवारी सकाळी यावं, आपली गाडी हवी तेवढी पळवावी, दुपारी जेवावं आणि घरी जावं. प्रवेश फी पाच लाख, वार्षिक वर्गणी एक लाख.

कल्पनेत दम नव्हता असं मी म्हणणार नाही. ज्या शहरात ताशी तीनशे किलोमीटर पळणाऱ्या गाड्या विकत मिळतात, त्याच शहरात त्या कर्वे रस्त्यावर सहाआसनी रिक्षाच्या मागे पहिल्या गिअरमध्ये खोकत असतात. द्रुतगती मार्गावर शंभरची मर्यादा, समृद्धीवर एकशेवीसची, आणि मोटारसायकलला दोन्हीकडे मज्जाव. बारा-पंधरा लाखांची मोटारसायकल घेतलेला माणूस रविवारी पहाटे उठून, चामड्याचं जाकीट घालून जातो कुठे, तर लोणावळ्याला पोहे खायला. रस्त्यावर शर्यत लावायची म्हटली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर दंड आणि कैद दोन्हींची सोय त्यात केलेली आहे. म्हणजे गाडी आहे, पैसा आहे, हौस आहे आणि पळवायला जागा नाही. धंद्याची सुरुवात बऱ्याचदा अशाच ठिकाणी होते. इथवर माझी मान होकारार्थी हलत होती.

मग सीएफओने लॅपटॉप उघडला.

"काका, पुणे जिल्ह्यात गाड्या किती लाख आहेत बघा. त्यातल्या फक्त एक टक्का लोकांनी..."

हा एक टक्का मी ओळखतो. उभ्या नोकरीत दर आठवड्याला तो माझ्या टेबलासमोर बसत असे. जगातली कुठलीही योजना एक टक्क्यावर फायद्यात जाते. अडचण एवढीच असते की तो एक टक्का कुठे राहतो ते कोणालाच माहीत नसतं. सीएफओच्या तक्त्यात पहिल्या वर्षी दोनशे सभासद, दुसऱ्या वर्षी पाचशे, तिसऱ्या वर्षी हजार. खर्चाच्या बाजूला डांबर, पगार, वीज आणि 'इतर'. मला शेळीपालनाच्या कर्जाची प्रकरणं आठवली. त्या प्रकल्प अहवालांत शेळी ठरल्या वेळी व्यायची, दर खेपेला दोन करडं द्यायची, त्यातलं निम्मं मादी निघायचं, आणि पाच वर्षांत एकही शेळी मरायची नाही. या अहवालात तसेच टायर झिजत नव्हते. ब्रेक पॅड बदलावे लागत नव्हते. कोणी सभासद ट्रॅक सोडून कुंपणात घुसत नव्हता. पाऊस तर पडतच नव्हता, आणि हे सगळं जुन्नर तालुक्यात.

"टायर झिजतात," सीटीओ कोपऱ्यातून म्हणाला. तो एरवी बोलायचा नाही. त्याच्या दोन्ही मनगटांवर वेल्डिंगचे बारीक काळे चटके होते आणि नखांत ग्रीस. कॉलेजच्या बाहा स्पर्धेसाठी पोरं जी नळ्यांची गाडी बनवतात, तिचा सांगाडा याने वर्कशॉपमध्ये रात्र रात्र बसून जोडलेला. त्या स्पर्धेत सगळ्यांना सारखंच, दहा अश्वशक्तीचं इंजिन असतं आणि शेवटी चार तास खड्ड्याखुड्ड्यांतून गाडी हाकायची असते. "आमच्या गाडीचा टाय रॉड तिसऱ्या तासाला तुटला. तक्त्यात तुटण्याला रकाना पाहिजे."

सीएफओने 'इतर'मध्ये दहा टक्के वाढवले आणि विषय संपवला.

पुढची स्लाइड होती 'जगभरातलं यशस्वी मॉडेल'. स्पेनमध्ये रोंदाजवळ आस्कारी, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला मॉन्टिसेलो, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात थर्मल. फोटो देखणे होते. थर्मलमध्ये नुसती वर्गणी भरून भागत नाही; ट्रॅकच्या कडेला प्लॉट घेऊन बंगला बांधावा लागतो. "म्हणजे खरा धंदा प्लॉटिंगचा आहे," मी म्हटलं. सीएमओने ते लगेच टिपून घेतलं. पुण्यात जन्मलेल्या कुठल्याही धंद्याची गाडी शेवटी एनए प्लॉटवर येऊन थांबते, हे तिला वयाच्या विसाव्या वर्षीच कळलं याचं मला कौतुक वाटलं.

आस्कारी ज्यांनी बांधलं ते क्लास झ्वार्त तेलविहिरींच्या यंत्रसामग्रीत पैसा कमावून मग ट्रॅककडे वळले होते. मुळात या प्रकाराचा पहिला पुरुष कोण, तर इंग्लंडमधले ह्यू लॉक किंग. गर्भश्रीमंत जमीनदार. त्यांनी सरे परगण्यात आपल्या स्वतःच्या जमिनीवर ब्रुकलँड्सचा ट्रॅक बांधला आणि १९०७च्या जूनमध्ये तो उघडला. मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला जगातला पहिला ट्रॅक तो हाच. पावणेतीन मैल लांब, शंभर फूट रुंद, आणि वळणांवर काँक्रीटची उभी भिंत म्हणावी इतका तिरका. त्या बांधकामात लॉक किंग यांचं दिवाळं निघायची वेळ आली. त्यांच्या पत्नी एथेल यांनी आणि माहेरच्या मंडळींनी कसंबसं सावरलं. जमीन घरची होती, कर्ज काढायला पत होती, बायको खमकी होती, तरी ही गत.

"आणि ट्रॅक उघडल्यावर त्याच महिन्यात काय झालं माहीत आहे का?" मी विचारलं. सेल्विन एज नावाच्या गृहस्थांनी नेपियर गाडी एकट्याने चोवीस तास अखंड पळवून विक्रम केला. आजूबाजूच्या बंगल्यांतले लोक रात्रभर जागे राहिले. पुढे प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं आणि रात्री गाड्या पळवण्यावर बंदी आली. ती इतकी पक्की की १९२९ साली तिथे चोवीस तासांची शर्यत घ्यायची ठरली तेव्हा ती बारा आणि बारा अशी दोन दिवसांत वाटावी लागली, मध्ये गाड्या कुलपात. त्याच्याही आधीपासून गाड्यांना ठराविक मापाचा मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला होता.

"काका, ते इंग्लंड. इथे आवाजाचं कोणाला काय पडलंय?" भाचा म्हणाला. हे वाक्य गणपतीच्या दिवसांत, मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या घरात बसून उच्चारलेलं असल्याने मला खोडून काढता आलं नाही. पण कागदावर आपल्याकडेही नियम आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रेसची एक गाडी सायलेन्सरशिवाय त्याच्या कितीतरी पुढे जाते. आणि गावाकडे निवासी भाग म्हणजे नुसती माणसं नसतात, तेही आम्हाला लवकरच कळलं.

देशातली उदाहरणं सीईओने एका स्लाइडवर उरकली होती. मी ती जरा लांबवली. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, पाच किलोमीटरहून थोडं जास्त, आराखडा जर्मनीच्या हर्मन टिल्कं यांचा, खर्च सुमारे ४० कोटी डॉलर असं तेव्हा छापून आलेलं. फॉर्म्युला वन तिथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि मग उत्तर प्रदेश सरकारने ही करमणूक आहे की खेळ आहे या प्रश्नाचं उत्तर करमणूक असं देऊन कर लावला. शर्यत गेली ती गेलीच. ज्या समूहाने सर्किट बांधलं तो पुढे कर्जाच्या गाळात रुतला. तीच गोष्ट आपल्या हौसेच्या फॉर्म्युला वन संघाची. २००८मध्ये फोर्स इंडिया म्हणून उतरला आणि २०१८मध्ये प्रशासकाच्या हाती गेला. त्याच्या मालकांचं नाव सीएमओने स्लाइडवर 'प्रेरणा' या शीर्षकाखाली घातलं होतं. ते मी काढायला लावलं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात काही नावं घ्यायची नसतात.

टिकलं कोण, तर दक्षिणेतली मंडळी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९०पासून चालू आहे, आणि तो चालवतो एक क्लबच. कोइमतूरला कारी स्पीडवे आहे, लांबी जेमतेम दोन किलोमीटर. हा ट्रॅक ज्यांच्या नावाने आहे ते एस. करिवर्धन कापडगिरणीच्या घराण्यातले. त्यांनी मारुती ८००चं इंजिन घालून एकाच आसनाच्या स्वस्त रेसगाड्या बनवल्या, फॉर्म्युला मारुती म्हणून. आपल्या पोरांना आपल्या खिशाला परवडेल अशा गाडीत बसवलं. फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच कोइमतूरचा. हे ऐकताना सीटीओ पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसला. बाकीचे तिघं लोगोचा रंग लाल ठेवावा की नारिंगी यावर बोलत होते.

जागा बघायला गेलो ती सीटीओच्या गावाला. गाडी अर्थातच माझी. मागे तिघं, पुढे सीएमओ आणि तिचा मोबाइल, जो दर दहा मिनिटांनी खिडकीबाहेर जाऊन 'जर्नी बिगिन्स' असं काहीतरी टिपत होता. नारायणगाव सोडल्यावर सीईओने गणित मांडलं. फॉर्म्युला वनच्या दर्जाच्या ट्रॅकला किमान साडेतीन किलोमीटर लांबी आणि बारा मीटर रुंदी लागते. म्हणजे बेचाळीस हजार चौरस मीटर. म्हणजे साधारण सव्वादहा-साडेदहा एकर. "बस, एवढंच!" तो म्हणाला. ही जागा नुसत्या डांबराची झाली. वळणावर गाडी सुटली तर तिने थांबायचं कुठे, प्रेक्षक, पिट, पार्किंग, रुग्णवाहिका उभी कुठे करायची, हा हिशेब अजून बाहेर होता. आणि साडेतीन किलोमीटरचा रस्ता सरळ नेला तर पलीकडच्या तालुक्यात जातो. तो गुंडाळून परत आणायचा म्हटलं की मधली जमीनही लागते.

सीटीओचे थोरले चुलते, अण्णा, ओट्यावर बसले होते. त्यांनी पोरांना पाणी दिलं, मला खुर्ची दिली, आणि आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा आणला.

व्यवसायशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी सातबारा शिकवावा असं माझं ठाम मत आहे. सीएफओने तो हातात घेतला आणि आधी उलटा धरला. क्षेत्र सहा एकर अठरा गुंठे, पैकी पोटखराबा आठ गुंठे. भोगवटादार वर्ग एक. नावं अकरा. त्यात दोन मयत, त्यांच्या वारसांची नोंद व्हायची होती. तीन बहिणी, पैकी एक सुरतेला. एक भाऊ मुंबईत गिरणीत होता, त्याची मुलं आता डोंबिवलीला, आणि त्यांचं अण्णांशी बोलणं एका बांधावरून बंद. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा आणि शेजारच्या गटातल्या विहिरीत चार आणे हिस्सा.

"हा बोजा काढून टाकता येईल ना?" सीईओने विचारलं.

"येईल की. पैसं भरलं की निघतो," अण्णा म्हणाले.

विहीर सीटीओने काढलेल्या नकाशात बरोब्बर चौथ्या वळणावर आली होती. सीएफओने ती हलवता येईल का असं विचारलं. अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवून सातबारा वाचू लागलो.

जमीन विकत घ्यायची म्हटली तर वेगळीच गोम. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही; कूळकायद्याचं कलम ६३ त्यासाठीच आहे. चौघांत शेतकरी एकटा सीटीओ. म्हणजे कायद्याने बघितलं तर कंपनीचा खरा मालक तोच व्हायला लायक होता आणि बाकीचे तिघं त्याच्या बांधावर. शिवाय शेताचा ट्रॅक करायचा तर बिगरशेती परवानगी, मग रस्ता, मग पाणी, मग शेजाऱ्यांची हरकत. पूर्वेच्या बांधापलीकडे पोल्ट्री होती, दोन लांबलचक शेड. तिचा मालक आमची गाडी बघून स्वतःच आला. रेस म्हणजे काय ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "फटाके वाजले तरी माझ्या कोंबड्या एका कोपऱ्यात जमून एकमेकीखाली चेंगरून मरतात. तुम्ही रोज वाजवणार, तर पक्षी मोजायला माणूस तुमचा ठेवा." सीएमओने सुचवलं की त्यांनी शेडला साउंडप्रूफिंग करावं. तो हसला नाही.

रात्रीच्या शर्यतींची स्लाइड अण्णांना दाखवल्यावर ते म्हणाले, "रातच्याला नको. उसात बिबट्या असतो." सीएमओने वहीत लिहिलं, 'वाइल्डलाइफ एक्सपिरियन्स.'

तेवढ्यात सरपंच आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेऊन अख्खं प्रेझेंटेशन पाहिलं. पुण्यातल्या एकाही परीक्षकाने एवढ्या लक्षपूर्वक ते पाहिलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. मग त्यांनी विचारलं, "पळणार कोण?"

"सभासद," सीईओ म्हणाला.

"गाडी कुणाची?"

"त्यांचीच."

"पेट्रोल?"

"त्यांचंच."

"आन् वर पाच लाख भी त्यांनीच द्यायचे. बरं. बघायला पब्लिक किती?"

"पब्लिक नाही. प्रायव्हेट क्लब आहे."

सरपंचांनी लॅपटॉप हळूच मिटला. "पोरांनो, आमच्या घाटात बैलगाडा घेऊन लोक नगर, सोलापूरहून टेंपो करून येतात. बैलाला खुराक महिन्याला किती लागतो ते अण्णांना विचारा. बारी सुटते ती काही सेकंदांची. एवढा खर्च माणूस कशासाठी करतो? माइकवर त्याचं नाव पुकारतात, घाटाच्या दोन्ही अंगाला माणूस उभा असतो, भंडारा उधळतात, म्हणून करतो. कुणी बघणारच नसेल तर मग बैल गोठ्यात काय वाईट होता?"

बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०१४ला आली. महाराष्ट्रात शर्यत पुन्हा सुरू झाली २०२१च्या डिसेंबरात, आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने शर्यतीला मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. आता बक्षिसांत मोटारसायकल, ट्रॅक्टर, थारसुद्धा लागते. यात्रा कमिटीचं कामकाज सरपंचांनी बोटांवर सांगितलं. परवानगी कोणाची, अनामत किती, पशुवैद्यक कोण, रुग्णवाहिका कुठे उभी, टोकन कसं काढायचं, वेळ कोण धरणार, तक्रार आली तर निकाल कोण देणार, वर्गणी न देणाऱ्याचं काय करायचं. मोटरस्पोर्ट्स क्लबच्या प्रकल्प अहवालात जे जे असायला हवं होतं ते सगळं त्यांच्या बोलण्यात होतं, आणि एकही स्लाइड नव्हती. आमच्या अहवालात रुग्णवाहिकेच्या पुढे '१०८' एवढंच लिहिलेलं. सीटीओने तेव्हा तोंड उघडलं. ट्रॅकवर गाड्या असेपर्यंत रुग्णवाहिका तिथेच लागते, ती जखमीला घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत सत्र थांबवावं लागतं, प्रत्येक वळणावर झेंडे घेऊन मार्शल लागतात, आणि शर्यत घ्यायची तर मोटरस्पोर्ट्स क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाची मान्यता आणि चालकांना परवाने लागतात. "झेंड्याला आमची पोरं देतो," सरपंच म्हणाले. "निशाण टाकायची सवय आहे त्यांना."

सरपंचांच्या म्हणण्याला माझा एक बारीक विरोध आहे, तो तेव्हा बोललो नाही. पैसेवाल्यांतली एक जात अशी असते जिला कोणी बघू नये यासाठीच पैसे मोजायचे असतात. ब्रुकलँड्सची जाहिरातही याच मुद्द्यावर असायची की इथे योग्य तेच लोक येतात आणि गर्दी नसते. पण ती जात मोजकी आहे, आणि ती असल्या गोष्टी चार विद्यार्थ्यांकडून विकत घेत नाही.

परतीच्या वाटेवर मी सीईओला माझ्या गाडीची विमा पॉलिसी डॅशबोर्डातून काढून वाचायला दिली. ही पॉलिसी कोणी वाचत नाही. मी वाचतो, सवय आहे. वापराच्या मर्यादांमध्ये स्पष्ट छापलेलं असतं की भाड्याने देणं, संघटित शर्यत, वेगाची चाचणी असल्या कामांना हा विमा लागू नाही. म्हणजे सभासदाने पाच लाख भरून आमच्या ट्रॅकवर पाऊल ठेवलं की त्याच्या कोटीच्या गाडीचा विमा फाटकाबाहेर राहिला. सीईओने तो परिच्छेद दोनदा वाचला आणि चाकणपर्यंत काही बोलला नाही. चाकणच्या चौकात ट्रकांच्या मध्ये आम्ही पाऊण तास उभे होतो, त्यामुळे ती शांतता लांबली.

हेल्मेटचा मुद्दा राहिलाच. मोटारसायकलवाल्या सभासदांना पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, हातमोजे, बूट आणि चामड्याचा सूट बंधनकारक, असं सीटीओने नियमावलीत घातलं. मी म्हटलं, ज्या गावात हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघतात तिथे तू पाच लाख घेऊन वर हेल्मेट घालायला लावणार? तो शांतपणे म्हणाला, "काका, घालणार नाही त्याचे पाच लाख परत." चार जणांच्या त्या कंपनीत मला कर्ज द्यावंसं वाटलेलं वाक्य एवढं एकच.

स्पर्धेत त्यांना दुसरा क्रमांक मिळाला. पहिला पाण्याच्या ॲपला. परीक्षकांनी विचारलं की याचा विस्तार कसा करणार, यात एआय कुठे आहे आणि पाच वर्षांनी बाहेर कसं पडणार. जमीन कुठे आहे हे कोणीही विचारलं नाही. भाचा आता हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे आणि रोज संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली तासाला पाच किलोमीटरच्या वेगाने घरी येतो. सीएफओ सीएचे ग्रुप देतोय. सीएमओने एका प्लॉटिंगवाल्याकडे नोकरी धरली आणि तिचं उत्तम चाललं आहे, हे मला अपेक्षितच होतं.

सीटीओने भोसरीत एक गाळा भाड्याने घेतला. कार्टचे सांगाडे जोडतो, बाहाच्या पोरांना नळ्या वाकवून देतो, मोटारसायकलींचे सस्पेन्शन बसवतो. गिऱ्हाइकांपैकी हौशी आठ-दहा जण जमले आहेत. ते वर्गणी काढतात, गाड्या ट्रकवर चढवून हजार किलोमीटरहून लांब कोइमतूरला नेतात, ट्रॅक भाड्याने घेऊन मनसोक्त पळवतात आणि येताना झिजलेले टायर घेऊन येतात. झिजलेल्या टायरांना हिशेबाच्या वहीत वेगळा रकाना आहे. मी स्वतः पाहिला. क्लब म्हणायचा तर तो हा. त्याला लोगो नाही. रविवारी सकाळी गाळ्यावर गेलात तर बाहेर रस्त्यावर बाकड्यावर बसून बघणारी पंधरा-वीस माणसं असतात, त्यांतली निम्मी चहाच्या टपरीवरची. सरपंचही एकदा येऊन बसून गेले.

तेव्हा वाचकांपैकी कोणाकडे पुणे, नगर किंवा सातारा जिल्ह्यात सलग पन्नास-साठ एकर जागा असेल तर जरूर कळवावं. मध्ये विहीर नसावी, शेजारी पोल्ट्री नसावी, बहिणींच्या सह्या झालेल्या असाव्यात आणि डोंबिवलीच्या भावाशी बोलणं चालू असावं. येताना चालू महिन्याचा सातबारा आणि आठ-अ घेऊन यावं. झेरॉक्स चालणार नाही.